आकाशवाणी पुणे ते दिल्ली दूरदर्शन : सई परांजपे यांच्या कारकिर्दीचा अभ्यास

१९७२ साली 'द लिटल टी शॉप' या दूरचित्रवाणीसाठी केलेल्या चित्रपटाला तेहरानमध्ये आशियाई प्रसारण संघटनेचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि उद्घाटनाच्या कार्यक्रमाच्या निर्मितीसाठी याच चित्रपटाच्या दिग्दर्शिकेची निवड झाली. सई परांजपे तेव्हा चौतीस वर्षांच्या होत्या. 'स्पर्श', 'चष्मेबद्दूर', 'कथा' हे सगळं अजून पुढे होतं. आज त्यांचं नाव निघालं की हेच तीन चित्रपट आठवतात, आणि त्यामुळे त्याआधीची सगळी वर्षं 'सुरुवातीचा काळ' या दोन शब्दांत गुंडाळली जातात. या अभ्यासाचा विषय तीच वर्षं आहेत, कारण त्यांची सुरुवात आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर निवेदिका म्हणून झाली होती.

रेडिओ, मग टीव्ही, मग सिनेमा अशी शिडी मांडून ही कारकीर्द सांगण्याची पद्धत आहे. मला ती पटत नाही. वरच्या पायरीवर गेल्यावर खालची पायरी मागे सुटते, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. सईंच्या बाबतीत तसं झालेलं दिसत नाही. रेडिओने घडवलेला कान त्यांनी शेवटपर्यंत वापरला आणि त्यांच्या उत्तम चित्रपटांतले कळीचे प्रसंग त्या कानावरच उभे आहेत.

घर

पार्श्वभूमी थोडक्यात सांगायला हवी, कारण ती सर्वसामान्य नव्हती. सईंचा जन्म १९ मार्च १९३८ चा, लखनौचा. वडील यूरा स्लेप्ट्झॉफ हे रशियन जलरंगचित्रकार. आईवडिलांचा घटस्फोट लवकरच झाला आणि मुलगी आईकडे, म्हणजे आजोबांच्या घरी वाढली. आजोबा म्हणजे रँग्लर र. पु. परांजपे. केंब्रिजमध्ये सीनिअर रँग्लर झालेले, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले आलेले गणिती, फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य आणि १९४४ ते १९४७ या काळात ऑस्ट्रेलियातले भारताचे उच्चायुक्त. सईंच्या बालपणाची काही वर्षं त्यामुळे कॅनबेराला गेली. आई शकुंतला परांजपे यांनी प्रभातच्या 'कुंकू'मध्ये काम केलं होतं, पण त्यांची खरी ओळख कुटुंबनियोजनाच्या कामाची. समाजाने नाकं मुरडली तरी त्यांनी ते काम सोडलं नाही, आणि पुढे त्या राज्यसभेवरही गेल्या.

अशा घरात मुलीने आठव्या वर्षी लिहिलेल्या परीकथांचं 'मुलांचा मेवा' हे पुस्तक निघालं. कौतुक करणारी, छापून आणू शकणारी माणसं घरातच होती. हा फायदा लपवून ही गोष्ट सांगण्यात अर्थ नाही. मात्र तो कुठवर पुरला, हेही पाहायला हवं. मायक्रोफोनसमोर बसलेल्या मुलीचे आजोबा कोण, हे ऐकणाऱ्याला माहीत नसतं. त्याच्यापर्यंत पोचतो तो आवाज आणि वाक्य.

निवेदनकक्ष

पुणे केंद्र १९५३ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालं. नवं केंद्र, शहर नाटकवाल्यांचं आणि लेखकांचं, आणि मराठी बोलण्याच्या बाबतीत चोखंदळ. निवेदिकेचं काम बाहेरून फार सोपं वाटतं. 'हे आकाशवाणीचं पुणे केंद्र आहे' म्हणायचं, वेळ सांगायची, पुढच्या कार्यक्रमाचं आणि कलावंताचं नाव घ्यायचं. आत बसलेल्या माणसाला मात्र सेकंद मोजावे लागतात. समोर क्यू शीट असते. कोणती ध्वनिमुद्रिका कितीव्या मिनिटाला लावायची, कोणता टेप कुठून सुरू करायचा, दिल्लीच्या बातम्या सहक्षेपित करण्यासाठी नेमकं कधी जोडून घ्यायचं, हे सगळं त्यावर असतं. एखादा वक्ता दीड मिनिट आधीच थांबला तर ते दीड मिनिट निवेदकाचं. ते भरायचं, पण भरलंय असं ऐकू येऊ द्यायचं नाही. एखादा गायक वेळेत आटोपत नसेल तर त्याला न दुखवता फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारा खटका, खाली आणायचा. शब्द चुकला तर तो परत घेता येत नाही. तो गेला.

या कामातून दोन गोष्टी अंगात मुरतात. पहिली वेळेची. अर्ध्या मिनिटात किती बोलता येतं आणि किती बोलू नये, हे घड्याळाकडे न बघता कळायला लागतं. दुसरी जास्त महत्त्वाची. समोर कोणी नसताना एकाच माणसाशी बोलायची सवय. सभेतला वक्ता हजारांशी बोलतो. रेडिओ हजारो घरांत लागलेला असला तरी निवेदक प्रत्येक घरात एकटाच पोचतो. स्वयंपाकघरात काम करणाऱ्या बाईशी किंवा दाढी करणाऱ्या माणसाशी बोलताना आवाज चढवून चालत नाही. जो चढवतो त्याचा रेडिओ बंद होतो.

सईंनी आकाशवाणीवर मुलांच्या कार्यक्रमांतही बरंच काम केलं. मुलं हा फार कठोर श्रोतावर्ग आहे. गोष्ट कंटाळवाणी झाली की मोठी माणसं सभ्यपणे ऐकत राहतात, मुलं उठून जातात. त्यात रेडिओवर दाखवायला काही नसतं. राक्षस आला हे पावलांच्या आवाजावरून कळायला हवं, आणि तो भित्रा आहे हे त्याच्या पहिल्याच वाक्यावरून. पात्र तोंड उघडताक्षणी ओळखू यावं, ही अट रेडिओनाटकाने मराठी लेखकांच्या एका पिढीला घातली. सईंच्या संवादांत ती अट कायम राहिली. त्यांच्या चित्रपटांतली कोणतीही दोन पात्रं सारखी बोलत नाहीत.

मधला टप्पा

निवेदिका थेट दिग्दर्शिका झाली असं म्हणणं चुकीचं ठरेल. मध्ये राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे. सई १९६३ मध्ये तिथून पदवीधर झाल्या. इब्राहिम अल्काझी त्याआधीच्या वर्षी विद्यालयाचे संचालक झाले होते आणि शिस्तीचा नवा काळ तिथे सुरू झाला होता. मायक्रोफोनसमोर शरीर नसतं. रंगमंचावर ते पहिल्या क्षणापासून दिसतं. कोण कुठे उभा आहे, कोणाची पाठ कोणाकडे आहे, प्रकाश कुठून येतो, वस्तू हातात कधी येते, हे रेडिओ शिकवू शकत नाही. ते शिक्षण सईंनी वेगळं घेतलं. रेडिओतून टीव्हीकडे जाऊ पाहणाऱ्या आणि 'आवाज चांगला आहे' एवढ्यावर विसंबलेल्या अनेकांच्या वाटा जिथे अडतात ती हीच जागा.

आकाशवाणीच्या पोटातलं दूरदर्शन

सई दिल्लीत टीव्हीकडे वळल्या तेव्हा टीव्ही म्हणजे काय होतं, हे आज समजावून सांगावं लागतं. १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं. आठवड्यातून दोनदा, थोड्या वेळापुरतं, दिल्लीच्या आसपासच्या भागात दिसेल एवढंच. रोजचं प्रक्षेपण १९६५ पासून. दुसऱ्या शहराला टीव्ही मिळायला १९७२ उजाडावं लागलं, आणि ते शहर मुंबई. रंग १९८२ मध्ये आले. आणि हे सगळं १ एप्रिल १९७६ पर्यंत आकाशवाणीचाच एक विभाग होतं. वेगळं खातं, वेगळी व्यवस्था त्यानंतर झाली.

या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची बाब मला हीच वाटते. सईंनी माध्यम बदललं, पण संस्था बदलली नाही. तीच सरकारी चौकट, तोच वेळेचा धाक, कार्यक्रमाकडे पाहण्याची तीच दृष्टी : माहिती, शिक्षण आणि मग मनोरंजन. ज्या घरात त्या आधी वावरल्या होत्या त्याच घरातली ही नवी खोली होती. चित्रपटसृष्टीतून टीव्हीत येणाऱ्याला तिथल्या कमतरता टोचल्या असत्या. पैसा नाही, बाह्यचित्रण अवघड, स्टुडिओ लहान. रेडिओतून आलेल्या माणसाला याची सवय होती. रेडिओत तर डोळ्यांना देण्यासारखं काहीच नसतं. इथे निदान तीन भिंती आणि एक खुर्ची होती.

टीव्ही स्टुडिओत काम चालायचं ते असं. खाली फ्लोअरवर दोन-तीन कॅमेरे, जड आणि सावकाश हलणारे. वर काचेआड कंट्रोल रूम, तिथे प्रत्येक कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारे मॉनिटर. दूरदर्शनच्या व्यवस्थेत कार्यक्रमाचा निर्माता हाच दिग्दर्शकही असे. तो वर बसून हेडफोनवरून कॅमेरामनना सूचना देतो, कॅमेऱ्यांची चित्रं बदलणाऱ्या व्हिजन मिक्सरला कट सांगतो, आणि फ्लोअर मॅनेजर हातांच्या खुणांनी ते कलाकारांपर्यंत पोचवतो. संकलनाची चैन नसल्यामुळे नाटक सलग करायचं. कॅमेरा एकवरून दोनवर कधी जायचं हे संहितेच्या डाव्या समासात आधीच लिहिलेलं असतं. प्रयोग सुरू झाल्यावर पान उलटत राहायचं आणि कट म्हणत राहायचं.

हे वर्णन निवेदनकक्षाच्या वर्णनाशेजारी ठेवून पाहावं. क्यू शीटच्या जागी संहिता आली, फेडरच्या जागी मिक्सर. पण पुढच्या पाच सेकंदांत काय होणार हे आत्ताच माहीत असणं, एक कान फ्लोअरवर आणि एक घड्याळावर ठेवणं, गडबड झाली तरी ती प्रेक्षकाला कळू न देणं, हे सगळं तेच. कॅमेरा शिकता येतो. ही तयारी वर्षानुवर्षं रोज केल्याशिवाय येत नाही, आणि सईंकडे ती आधीच होती.

त्या काळातल्या कामाचं जतन फारसं झालं नाही, याचं वाईट वाटतं. थेट प्रक्षेपण हवेत विरून जाई, आणि टेप महाग असल्यामुळे तीच पुन्हा वापरली जाई. नव्या माध्यमाची भाषा या देशात ज्या कामांतून घडली, त्यातलं बरंचसं आता कोणीही पाहू शकत नाही. म्हणून त्या वर्षांचा माग पुढच्या चित्रपटांतून काढावा लागतो. सुदैवाने तो तिथे स्पष्ट सापडतो.

टीव्हीच्या नाटकातून चित्रपट

'चष्मेबद्दूर' (१९८१) मुळात 'धुआँ धुआँ' नावाचं टीव्हीसाठी लिहिलेलं नाटक. दिल्लीत एका खोलीत राहणारे तीन मित्र, एकच सिगारेट तिघांत फिरते, आणि शेजारात राहणारी नेहा नावाची मुलगी. गाभा बघितला तर तो स्टुडिओत मावणारा आहे : एक खोली, तीन माणसं, भरपूर बोलणं. चित्रपट झाल्यावर त्यात बागा आल्या, मोटरसायकल आली, पानवाले लल्लनमियाँ आले. पण रचना हलली नाही. आणि ती रचना ऐकण्यावर आधारलेली आहे.

तीन मित्रांपैकी ओमी आणि जय दोघेही नेहाकडून अपमानित होऊन परततात आणि खोलीत बसून आपल्या विजयाच्या थापा मारतात. आवाज एक सांगतो, घडलेलं दुसरंच असतं, आणि पडद्यावर दिसते ती थाप, गाण्यासकट. कथनावर विश्वास ठेवायचा की नाही हा पेच रेडिओवर काम केलेल्या माणसाला फार जवळचा, कारण तिथे ऐकणाऱ्याकडे पडताळायला दुसरं काही नसतंच. सईंनी त्या पेचातून हिंदी चित्रपटातल्या गाण्यांची थट्टाही करून घेतली. आणि नेहाची पहिली ओळख काय? दारोदार जाऊन चमको पावडर विकणारी मुलगी. पाठ केलेलं जाहिरातीचं बोलणं ती हसतमुखाने म्हणत जाते. दीप्ती नवलने ते ज्या लयीत म्हटलंय ती लय जमवायला निवेदनाची सवय असलेली दिग्दर्शिकाच हवी. प्रेमाची सगळी सुरुवात त्या पाठ केलेल्या वाक्यांच्या फटींतून होते.

'स्पर्श' १९८० चा. दिल्लीतल्या अंधशाळेशी आणि तिच्या मुख्याध्यापकांशी सईंचा परिचय झाला, त्यातून हा विषय सुचला. चित्रीकरण खऱ्या शाळेत झालं आणि तिथल्या मुलांनी त्यात कामं केली. माझ्या मते सईंच्या रेडिओच्या दिवसांचं सगळ्यात मोठं देणं या चित्रपटात आहे. अंधशाळेचा अंध मुख्याध्यापक अनिरुद्ध डॉक्टरकडे निघालेला असतो. वाटेत एका बाईचं गाणं कानावर येतं आणि तो चुकून तिच्याच दारात जाऊन उभा राहतो. पुढे एका छोट्या मेजवानीत दोघांची गाठ पडते तेव्हा तो तिला आवाजावरून ओळखतो. ती बाई म्हणजे कविता. ती शाळेत मुलांसाठी काम करायला येते. मोठ्याने वाचून दाखवणं, गाणं, गोष्ट सांगणं, हे तिथल्या रोजच्या जगण्याचे भाग आहेत.

अंध नायक दाखवताना दिग्दर्शकाला नेहमी एक मोह होतो. डोळस प्रेक्षकाला अंधाराची कल्पना यावी म्हणून पडदा काळा करायचा, करुण संगीत वाजवायचं. सईंनी ते केलं नाही. त्यांनी अनिरुद्धला तरबेज श्रोता केलं. माणसाच्या आवाजातली कीव त्याला लगेच ऐकू येते आणि तीच त्याला सहन होत नाही. चित्रपटातला सगळा संघर्ष त्या एका गोष्टीवर आहे. सूर किंचित बदलला की अर्थ किती बदलतो, हे माहीत असलेल्या लेखिकेनेच तो लिहावा.

पुरस्कारांकडे बघतानाही हेच दिसतं. 'स्पर्श'ला सर्वोत्तम हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, नसीरुद्दीन शाह यांना अभिनयाचा आणि सईंना पटकथेचा. चित्रपट प्रदर्शित व्हायला मात्र काही वर्षं गेली. त्यामुळे फिल्मफेअरचे पुरस्कार १९८५ मध्ये आले : सर्वोत्तम चित्रपट, दिग्दर्शन, आणि संवाद. पटकथा आणि संवाद. लिहिलेल्या आणि बोललेल्या शब्दाला दोन्हीकडे मान मिळाला.

'कथा' (१९८३) शं. गो. साठे यांच्या 'ससा आणि कासव' या मराठी नाटकावरून आला आणि तोही सर्वोत्तम हिंदी चित्रपट ठरला. त्याची सुरुवात आजी गोष्ट सांगते तिथून होते. पुढे चाळीत एक गोडबोल्या बाशू आणि मनातलं बोलूच न शकणारा राजाराम समोरासमोर येतात. बोलता येणारा जिंकतो. रोज बोलण्याचं काम केलेल्या बाईने बोलघेवड्या माणसाकडे इतकं सावधपणे पाहावं, हे मला फार विलक्षण वाटतं.

परत टीव्हीकडे

शिडीची कल्पना इथे पुरतीच मोडते. तीन चित्रपट गाजल्यावर सई १९८४ मध्ये 'अडोस पडोस' ही मालिका घेऊन दूरदर्शनवर परत आल्या, १९८५ मध्ये 'छोटे बडे' आली. 'हम लोग' ७ जुलै १९८४ ला सुरू झाली होती, प्रायोजक आले होते, देशभर टीव्ही पसरत होता. ज्या दिल्ली केंद्रावर त्यांनी मूठभर घरांसाठी नाटकं केली होती त्याच दूरदर्शनला आता देशभराचा प्रेक्षक होता. शेजाऱ्यांचा विषयही ओळखीचा. मराठी रंगभूमीवर 'सख्खे शेजारी' त्यांचंच, आणि 'कथा'तली चाळ म्हणजे दुसरं काय? भिंतीपलीकडचा आवाज जिथे ऐकू येतो तिथे त्यांची पात्रं राहतात.

मधल्या काळात त्या दोनदा बालचित्र समितीच्या अध्यक्ष होत्या आणि 'जादू का शंख' (१९७४), 'सिकंदर' (१९७६) हे मुलांचे चित्रपट त्यांनी केले. पुण्याच्या केंद्रावरच्या मुलांच्या कार्यक्रमांपासून इथवर आलेली वाट सरळ आहे. त्यावर वेगळं भाष्य करण्याची गरज नाही.

या निष्कर्षावर येणारे आक्षेप

एक आक्षेप रास्त आहे. पूर्वी निवेदनाचं काम केलेले लोक पुष्कळ होते, सगळे दिग्दर्शक झाले नाहीत. मग रेडिओला श्रेय कसलं? माझं म्हणणं एवढंच आहे की रेडिओने सईंना दिग्दर्शिका केलं नाही, त्या *कोणत्या प्रकारच्या* दिग्दर्शिका होतील हे ठरवलं. लेखन त्यांच्याकडे लहानपणापासून होतं, रंगमंच नाट्य विद्यालयाने दिला, संधी नव्या माध्यमाने दिली. तरुण माध्यमात जागा रिकाम्या असतात, आणि पक्क्या व्यवस्थेत ज्यांना दार उघडलं नसतं त्यांना तिथे प्रवेश मिळतो. त्या काळात एखाद्या तरुण बाईला चित्रपटाच्या सेटवर दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसायला मिळालं असतं असं मला वाटत नाही. कंट्रोल रूममधली खुर्ची मात्र मिळाली.

दुसरा आक्षेप मर्यादेचा. शब्दावर इतका भर असलेल्या दिग्दर्शिकेचं चित्र दुय्यम राहतं का? 'दिशा' (१९९०) याला काही अंशी उत्तर देतो. गाव सोडून मुंबईच्या गिरणीत आलेली माणसं, गावात वर्षानुवर्षं विहीर खणत राहिलेला माणूस, खोलीत दाटीवाटीने झोपलेले कामगार. इथे बोलणं कमी आहे आणि जागाच बरंच सांगते. तरीही मला विचाराल तर त्यांची पकड सगळ्यात घट्ट होते ती दोन माणसं एका खोलीत बोलत असताना. 'साज'मध्ये (१९९७) विषयच गायिका बहिणींचा, त्यामुळे आवाज पुन्हा मध्यभागी आला. २००६ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

त्यांनी केलेल्या माहितीपटांत एक पंकज मलिक यांच्यावर आहे. कलकत्ता रेडिओवर अनेक दशकं गाणारा, आणि रेडिओवरूनच घराघरांतल्या लोकांना गाणं शिकवणारा हा संगीतकार. पुण्याच्या केंद्रावरून निघालेल्या दिग्दर्शिकेने कॅमेरा घेऊन शेवटी दुसऱ्या एका रेडिओच्या माणसाकडे जावं, यात मला आश्चर्य वाटत नाही.